इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळं करताना: मासळीच्या गाडीवाल्यांसाठी



आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या दारात मासळी वाहणारी पिकअप उभी असते. बर्फाचं खारट पाणी रोज खाली ठिबकतं आणि चेसिसपासून बेल हाउसिंगच्या बोल्टांपर्यंत सगळं खातं. त्यामुळे इंजिन उतरवायची पाळी आली की आपल्या गाडीला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो, आणि घाईत मोडतोडही होते. काम मिस्त्रीच करणार असला तरी ते कसं होतं हे मालकाला माहीत असावं.

आत काय असतं?

मागची चाकं ओढणाऱ्या पिकअपमध्ये इंजिन पुढे आणि त्याला मागून गिअरबॉक्स जोडलेला असतो. गिअरबॉक्सचा पुढचा घंटेसारखा भाग म्हणजे बेल हाउसिंग. त्यातून क्लच शाफ्ट पुढे येतो, क्लच प्लेटच्या दातेरी भोकातून जातो आणि त्याचं टोक बहुतेक गाड्यांत क्रँकच्या मागच्या पायलट बेअरिंगमध्ये बसतं. जोड एका रेषेत राहावा म्हणून दोन डॉवेल पिना असतात.

म्हणजे बोल्ट काढले की इंजिन लगेच वर उचलता येत नाही. आधी ते सरळ पुढे सरकवायचं. शाफ्ट क्लच प्लेटमधून पूर्ण बाहेर आला की मगच वर. साधारण वीतभर जागा लागते, म्हणून रेडिएटर आणि पंखा आधीच काढून ठेवतात.

बोल्टांना हात लावण्याआधी

१. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.
२. सेल्फ काढा. त्याचे बोल्ट बेल हाउसिंगमधूनच जातात.
३. अर्थची पट्टी, वायरिंगचे क्लिप आणि तिथे सेन्सर असेल तर तोही सोडवा.
४. क्लचचा स्लेव्ह सिलिंडर बाहेरून बसवलेला असेल तर पाइप न उघडता बाजूला बांधून ठेवा. नंतर क्लच पेडल कोणी दाबू नका, पिस्टन बाहेर येतो.
५. गिअरबॉक्सच्या पुढच्या भागाखाली लाकडी फळी ठेवून जॅक लावा. इंजिन सुटलं की त्याला पुढून दुसरा आधार नसतो.

बोल्ट सगळे एका लांबीचे नसतात. पुठ्ठ्यावर बेल हाउसिंगचा गोल काढा आणि जो बोल्ट जिथून निघाला तिथेच पुठ्ठ्यात खोचा. लांब बोल्ट आखूड भोकात आवळला तर कास्टिंग फुटू शकतं. गंजलेल्या बोल्टांवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा.

सुटत नसेल तर

पहार घ्यायच्या आधी बोल्ट पुन्हा मोजा. बहुतेक वेळा वरच्या बाजूचा, फायरवॉलकडचा एखादा बोल्ट राहिलेला असतो. तो हाताला लागतो पण दिसत नाही. खालच्या पत्र्याचे छोटे बोल्टही बघा.

सगळे निघाले असतील तर डॉवेल पिना धरून बसल्यात असं समजा. पिना पोलादी, हाउसिंग बहुधा ॲल्युमिनियमचं, त्यात खारं पाणी, मग दोन्ही धातू एकमेकांना घट्ट पकडतात. पिनांच्या जागी तेल सोडा, लाकडी हातोड्याने चहूबाजूंनी हलके ठोके द्या. छिन्नी दोन्ही सपाट तोंडांच्या मध्ये घालू नका. तिथे खाच पडली की जोड पुन्हा नीट बसत नाही.

फट बघा

जोड सुटू लागला की चारी बाजूंची फट सारखी आहे का ते बोटाने तपासा. वर जास्त असेल तर जोड उचलला गेलाय, जॅक किंचित खाली घ्या. खाली जास्त असेल तर जोड खचलाय, जॅक किंचित वर घ्या. जबरदस्ती केली तर इंजिनाचं किंवा गिअरबॉक्सचं सगळं वजन क्लच शाफ्टवर आणि प्लेटच्या मधल्या भागावर येतं. प्लेट वाकते, पण ते त्या दिवशी कळत नाही. गाडी जोडून झाली की क्लच पूर्ण सुटत नाही, गिअर कुरकुरत पडतो, आणि सगळं पुन्हा उतरवावं लागतं.

डिझेल इंजिन दोनशे किलोच्या आसपास, कधी त्याहून जड असतं. चेन पुलीला टांगलेल्या इंजिनाखाली हात किंवा डोकं घालायचं नाही. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली जायचं नाही, घोडी लावायचीच.

उघडलंच आहे तर

क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग आणि क्रँकचा मागचा ऑइल सील बघून घ्या. सील स्वस्त असतो, तो बदलायला पुन्हा इंजिन उतरवणं महाग. क्लचची धूळ हवेच्या पाइपने उडवू नका, जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा.

जोडताना क्लच प्लेट मधोमध धरणारा गाइड वापरा. शेवटची फट बोल्ट आवळून कधीही मिटवू नका. दोन्ही तोंडं हाताने टेकली पाहिजेत. टेकत नसतील तर प्लेट मधोमध नाही किंवा दाते जुळलेले नाहीत. क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून क्रँक थोडा फिरवला की बहुधा दाते जुळतात.

होडीवाल्यांसाठी एक गोष्ट

आतल्या इंजिनालाही गिअर असाच बेल हाउसिंगने जोडलेला असतो, फक्त क्लच प्लेटच्या जागी बहुधा डॅम्पर प्लेट असते. पण पंख्याच्या शाफ्टचं कपलिंग सोडण्याआधी शाफ्ट बांधून ठेवा. तो मागे सरकून निघाला तर होडीत पाणी शिरेल. जमत असेल तर हे काम होडी किनाऱ्यावर ओढूनच करा.

गॅरेजला गाडी द्याल तेव्हा तीनच गोष्टी बघा: गिअरबॉक्सखाली आधार आहे का, बोल्ट पुठ्ठ्यावर लावलेत का, आणि फट मिटवायला कोणी पाना तर मारत नाही ना. आपल्या ड्रायव्हरलाही हे वाचून दाखवा.