स्ट्रेचर आपण उचलायचे आणि उपचार दुसऱ्यांनी करायचे?

१८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले होते. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग बाबाजी गायकवाड या प्लेगग्रस्त मुलाला सावित्रीबाई फुले यांनी पाठीवर घेतले आणि डॉ. यशवंत यांच्या हडपसरजवळच्या दवाखान्यात पोहोचवले. त्या मुलाला शिवायलाही कोणी तयार नसण्याचा तो काळ होता. पुढे सावित्रीबाईंनाच प्लेगने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. दवाखान्यात डॉक्टर कितीही निष्णात असला तरी रुग्ण त्याच्या दारापर्यंत जिवंत पोहोचला पाहिजे, ही साधी गोष्ट सावित्रीबाईंनी आपला प्राण देऊन शिकवली. आज हेच काम शास्त्रशुद्धपणे करणाऱ्याला पॅरामेडिक म्हणतात. आपल्या किती मुलामुलींना हा शब्द आणि या शिक्षणाची वाट माहीत आहे?

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्यातील दोन शेजारी तालुके. शिरूरमधून पुणे-अहिल्यानगर महामार्ग जातो, तर दौंडमधून पुणे-सोलापूर महामार्ग. सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगावचे कारखाने एका बाजूला, कुरकुंभची रासायनिक वसाहत दुसऱ्या बाजूला. ऊसतोडीच्या हंगामात रात्रीच्या अंधारात दिव्याविना धावणाऱ्या ट्रॉल्या, उसाच्या फडातला सर्पदंश, शेतावरची कीटकनाशकाची विषबाधा हे इथले नेहमीचे आहे. शिरूरला ग्रामीण रुग्णालय आहे, दौंडला उपजिल्हा रुग्णालय आहे. पण डोक्याला मार लागलेला रुग्ण बहुतेक वेळा पुण्याकडेच धाडला जातो, आणि पुणे दोन्ही गावांहून ६५ ते ८० किलोमीटर दूर. त्या वाटेवर जो तास जातो, त्यातच माणूस वाचतो किंवा मरतो.

हृदय बंद पडल्यावर चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. छातीवर मिनिटाला १०० ते १२० वेळा योग्य दाब देता येणारा माणूस जवळ असेल तर आशा असते. अपघातग्रस्ताची मान न हलवता त्याला फळीवर घेणे, श्वासाची वाट मोकळी ठेवणे, वाहते रक्त थांबवणे, गाडीतच बाळंतपण करणे, साप चावलेला अवयव करकचून न बांधता स्थिर ठेवणे हे सारे पॅरामेडिकचे काम. हे नुसते हमालीचे काम नाही, ही विद्या आहे.

आणि हीच विद्या पददलितांच्या हाती गेली की काय घडते, हे अमेरिकेत दिसले. पिट्सबर्ग शहरातील हिल भागात काळ्या लोकांची वस्ती होती. तिथे आजाऱ्याला न्यायला पोलिसांची गाडी यायची आणि तीही आली तर आली. १९६७ मध्ये डॉ. पीटर सफार यांच्या मार्गदर्शनाखाली तिथे ‘फ्रीडम हाऊस’ ही रुग्णवाहिका सेवा उभी राहिली. ज्यांना जग बेकार, निरुपयोगी म्हणत होते त्या काळ्या तरुणांना कठोर प्रशिक्षण दिले गेले, आणि ते अमेरिकेतील पहिल्या पॅरामेडिकपैकी ठरले. त्यांच्यासोबत काम करणाऱ्या डॉ. नॅन्सी कॅरोलाइन यांनी पुढे साऱ्या देशासाठी अभ्यासक्रम तयार केला. पण १९७५ मध्ये शहराने ती सेवा बंद करून स्वतःची सेवा सुरू केली, आणि नव्या सेवेतून या काळ्या कर्मचाऱ्यांना हळूहळू बाहेर काढले गेले. विद्या त्यांनी घडवली, नोकरी दुसऱ्यांनी घेतली. ब्लॅक पँथरपासून प्रेरणा घेऊन १९७२ साली दलित पँथर उभी करणाऱ्या आपल्या समाजाने हा धडाही वाचला पाहिजे.

आपल्याकडे वेगळे काय आहे? सफाई कामगार, वॉर्डबॉय, शवागारात प्रेत उचलणारा यांत आपली माणसे ठायीठायी दिसतात. तंत्रज्ञाच्या आणि डॉक्टरच्या खुर्चीकडे जावे तसतशी ती विरळ होतात. जन्माने ठरवलेले काम रुग्णालयाच्या इमारतीतही तसेच शिरले आहे.

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा २०१४ मध्ये सुरू झाली. प्रारंभी ९३७ गाड्या होत्या, त्यांपैकी २३३ प्रगत जीवरक्षक उपकरणांच्या. आंध्र प्रदेशाने २००५ मध्ये ही सेवा सुरू केली तेव्हा प्रशिक्षित तंत्रज्ञ गाडीत बसवले, महाराष्ट्राने बीएएमएस, बीएचएमएस डॉक्टर बसवले. डॉक्टर असणे चांगलेच, पण त्यामुळे पॅरामेडिक घडवण्याची निकड सरकारला वाटली नाही. शिवाय सेवा ठेकेदाराकडे गेली की आरक्षणाचा प्रश्नच निकालात निघतो. २०२३ मध्ये कंत्राटी भरतीचा शासन निर्णय जनक्षोभामुळे सरकारला मागे घ्यावा लागला, हे विसरू नका. दबाव आणला तर निर्णय फिरतो.

आता शिक्षणाविषयी. बारावी विज्ञान शाखेतून भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र घेऊन उत्तीर्ण झालेल्यांसाठी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी हा पदवी अभ्यासक्रम आहे. शस्त्रक्रिया गृह, प्रयोगशाळा, क्ष-किरण अशा शाखांचे तंत्रज्ञ त्यातून घडतात. २०२१ मध्ये संसदेने संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञाला म्हणजे पॅरामेडिकला स्वतंत्र व्यवसाय म्हणून स्थान मिळाले, आणि प्रत्येक राज्यात परिषद व नोंदणीची तरतूद झाली. म्हणजे यापुढे कागद बघितला जाणार आहे.

म्हणूनच सावध राहा. तालुक्याच्या गावी दुकानावरच्या माळ्यावर दोन खोल्यांत ‘पॅरामेडिकल इन्स्टिट्यूट’चा फलक लागतो, ‘शंभर टक्के नोकरी’ असे लिहिलेले असते. आई मंगळसूत्र गहाण ठेवते, मुलगा वर्षभर शिकतो आणि हाती येतो तो भिंतीवर टांगायचा कागद. फी भरण्याआधी तीन प्रश्न विचारा. कोणत्या विद्यापीठाची वा शासकीय मंडळाची मान्यता आहे? प्रत्यक्ष काम कोणत्या रुग्णालयात शिकवणार? भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती या अभ्यासक्रमाला महाडीबीटीवर दिसते का? शिष्यवृत्ती दिसत नसेल तर मान्यतेचा पुरावा पाहिल्याशिवाय पैसा देऊ नका.

मान्यताप्राप्त शिक्षणासाठी पुण्यात राहावे लागले आणि शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून पात्र अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्याला वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. जात वैधता प्रमाणपत्राचे काम अकरावीतच हाती घ्या, निकालानंतरची धावपळ प्रवेश घालवते.

शासनाकडे आपली मागणी स्पष्ट हवी. शिरूर आणि दौंडच्या शासकीय रुग्णालयांना जोडून पॅरामेडिक प्रशिक्षण केंद्र काढा, त्यात आरक्षणानुसार जागा भरा आणि रुग्णवाहिकेवरची पदे ठेक्याने नव्हे तर कायमस्वरूपी भरा.

काही काम मात्र आपल्यालाच करायचे आहे. दर १ जानेवारीला भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला लाखो अनुयायी येतात. त्या गर्दीत वृद्ध असतात, लेकुरवाळ्या माता असतात. समता सैनिक दलाच्या प्रत्येक सैनिकाला छातीवर दाब देणे आणि रक्तस्राव थांबवणे शिकवायला डॉक्टर झालेल्या आपल्या बांधवांना एक रविवार पुरतो. बुद्धविहार आहेच, जागेचे भाडे नाही. त्या वर्गात बसलेल्या दहांपैकी दोघांना जरी हे शिक्षण पुढे घ्यावेसे वाटले, तरी पुढच्या पिढीतला आपला मुलगा स्ट्रेचरच्या दांड्याला नव्हे, रुग्णाच्या नाडीला हात लावील.