आधी आवाज, मग गोळी

बंदुकीची गोळी आवाजाच्या आधी पोचते, असं आपण धरूनच चाललेलो असतो. मग जरा पाचोरा स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर चला. समोर लांब पल्ल्याची गाडी थांबली आहे. तिचे लागोपाठचे दोन डबे नजरेने मोजा. झाले जवळपास ५० मीटर! ऑलिंपिकमधल्या छोट्या रायफलीचं लक्ष्य एवढ्याच अंतरावर असतं. गोळीला हे अंतर कापायला सेकंदाचे सुमारे १५८ हजारांश लागतात. आणि बाराच्या आवाजाला? साधारण १४६. म्हणजे आवाज आधी पोचतो आणि गोळी त्याच्या मागून!

जगातल्या अत्यंत काटेकोर रायफलींपैकी एकीची गोळी आवाजाशी शर्यत हरते? हरते, आणि तिने हरावं अशीच सगळी व्यवस्था केलेली असते. ती का, हे कळलं की थक्क व्हायला होतं.

एनसीसीत गेलेल्यांना ही रायफल ठाऊक असते: पॉइंट टू-टू. गोळीची जाडी ५.६ मिलिमीटर, वजन जेमतेम २.६ ग्रॅम. आता आपल्याच जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावला या. भुसावळजवळच्या इथल्या आयुध निर्माणीत लष्करी रायफलींची ५.५६ मिलिमीटरची काडतुसं बनतात. जाडीत फरक केसाएवढाही नाही! पण वरणगावची गोळी सेकंदाला सुमारे ९०० मीटर पळते आणि पॉइंट टू-टूची सव्वातीनशेच्या आसपास. ऊर्जेचा हिशेब मांडला तर फरक दहा-बारा पटींचा निघतो.

एवढा दुबळेपणा आला कुठून? उत्तर काडतुसाच्या बुडाशी आहे. मोठ्या काडतुसाच्या बुडात मधोमध एक टिकली असते. पिन तिच्यावर आपटते आणि काडतूस पेटतं. पॉइंट टू-टूच्या बुडात मध्ये काहीच नसतं, सपाट पितळ. मग पेटणारा मसाला आहे कुठे? काठात! बुडाचा बाहेर आलेला काठ आतून पोकळ असतो. कारखान्यात ओला मसाला पुंगळीत टाकून तो गरागरा फिरवतात, की आपोआप काठाच्या पोकळीत जाऊन बसतो. बार करताना पिन हा काठ चेपते, आतला मसाला चिरडला जातो आणि पेट घेतो. झाडलेली पुंगळी हातात घेऊन पाहिली तर काठावर पिनेने पाडलेला चिमुकला खड्डा दिसतो. न झाडलेलं काडतूस हाताळलं तर बोटं किंचित चिकट होतात, कारण उघड्या शिशाच्या गोळीवर मेणासारख्या वंगणाचा थर असतो.

पण काठ चेपला जायचा तर पितळ पातळच हवं. पातळ पितळाला आतला दाब फार सोसवत नाही. म्हणून दारू कमी, आणि दारू कमी म्हणून वेग कमी. एका पातळ काठाने या रायफलीचं सगळं नशीब ठरवून टाकलं आहे.

ही करामत पॅरिसच्या फ्लोबेर नावाच्या बंदूककाराची, १८४५च्या सुमाराची. त्याच्या काडतुसात दारूच नव्हती. नुसत्या मसाल्याच्या धक्क्याने छर्रा उडायचा आणि हौशी मंडळी चक्क दिवाणखान्यात नेमबाजी करायची! १८५७मध्ये अमेरिकेत स्मिथ अँड वेसनने त्यात दारू भरून छोटं काडतूस आणलं आणि १८८७मध्ये स्टीव्हन्स कंपनीने ‘लाँग रायफल’. आज ऑलिंपिकमध्ये जे झाडलं जातं, ते मूळ बांधणीने हेच काडतूस.

आता १ ऑगस्ट २०२४. फ्लोबेरच्याच फ्रान्समध्ये, शातोरूच्या रेंजवर, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसळे ५० मीटर रायफल थ्री पोझिशनच्या फायनलमध्ये उभा आहे. पाचोऱ्यावरून ज्या मध्य रेल्वेच्या गाड्या धावतात, तिचाच हा तेव्हाचा तिकीट तपासनीस. आधी गुडघ्यावर बसून, मग पालथं पडून, शेवटी उभ्याने नेम धरायचा. गुडघ्यावरच्या फेरीनंतर तो सहावा होता, पालथ्या फेरीनंतर पाचवा. उभ्याच्या फेरीत तो तिसऱ्या स्थानावर आला आणि ४५१.४ गुणांवर ब्राँझ त्याचं झालं. खाशाबा जाधवांच्या १९५२च्या पदकानंतर महाराष्ट्राला तब्बल ७२ वर्षांनी मिळालेलं हे वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

पण ४५१.४ म्हणजे नेमकं काय? ब्राँझ ठरेपर्यंत ४४ गोळ्या होतात, म्हणजे गोळीमागे सरासरी १०.२६ गुण. दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं आणि मध्यबिंदूपासून गोळी साधारण प्रत्येक ०.८ मिलिमीटर दूर गेली की गुणाचा एक दशांश कापला जातो. हिशेब मांडा. दोन डब्यांपलीकडे, तीन वेगवेगळ्या अवस्थांत, जग पाहत असताना स्वप्नीलची सरासरी चूक साधारण साडेपाच मिलिमीटर. म्हणजे गोळीच्या स्वतःच्या जाडीएवढी!

आता वेगाचं कोडं. जास्त दारू घातलेलं, आवाजाहून वेगवान पॉइंट टू-टू काडतूसही बाजारात मिळतं. स्पर्धेतले नेमबाज ते का घेत नाहीत? एक कारण म्हणजे आवाजाच्या वेगाची वेस ओलांडताना हवेत उठणाऱ्या धक्क्यांनी गोळी डळमळते. आवाजाहून जोरात सुटून वाटेत मंदावण्यापेक्षा आधीपासूनच वेशीच्या अलीकडे राहिलेलं बरं. त्यातून ही वेस एका जागी राहत नाही, तापमानाप्रमाणे सरकते. जानेवारीच्या १० अंशांच्या सकाळी आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३३७ मीटर असतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४ला टेकतो तेव्हा तो ३५७च्या घरात जातो. खान्देशच्या उन्हात आवाजसुद्धा जोरात पळतो!

दुसरं कारण आणखी चमत्कारिक आहे. आडवा वारा गोळीला किती ढकलेल? आपलं मन सांगतं, जितकी वेगवान गोळी तितकी कमी ढकलली जाईल. पण वारा मोजतो गोळीला झालेला उशीर. हवा नसतीच तर ५० मीटरला १५४ हजारांश लागले असते, प्रत्यक्षात १५८ लागतात. उशीर झाला चार हजारांश सेकंदाचा. वाऱ्याचा वेग गुणिले हा उशीर, एवढंच सूत्र. सेकंदाला एक मीटर अशा झुळकीने गोळी चार मिलिमीटर सरकते. अशी झुळूक गालाला जेमतेम कळते, आणि तेवढ्यात निम्मा गुण गेला. आता वेगवान काडतूस घ्या. ते आवाजाच्या वेशीजवळ हवेशी इतकं झगडतं की त्याचा उशीर वाढतो. म्हणून ५०-१०० मीटरवर घाईची गोळी वाऱ्याने जास्त ढकलली जाते आणि सावकाश गोळी कमी! विश्वास बसतो?

वाऱ्याची आणखी एक खोड आहे. नळीतल्या आट्यांमुळे गोळी सेकंदाला सुमारे ८०० वेळा स्वतःभोवती फिरते. त्यामुळे उजवीकडून वारा आला तर ती नुसती डावीकडे जात नाही, किंचित वरही चढते. डावीकडून आला तर उजवीकडे आणि खाली. नेमबाज रेंजवरच्या वाऱ्याच्या झेंड्यांकडे सारखं पाहत असतो, ते या तिरक्या हिशेबासाठी.

आणि माणूस? मीटरभर लांबीच्या रायफलीचं टोक एक दशांश मिलिमीटर हललं की ५० मीटरवर पाच मिलिमीटरचा फरक पडतो. रायफलीचं वजन आठ किलोपर्यंत, छातीत हृदय धडधडतंय, श्वास चालू आहे. घोडा दाबल्यावरही ही संथ गोळी सेकंदाचे दोन-अडीच हजारांश नळीतच असते आणि तेवढा वेळ हात स्थिर राहायलाच हवा. नेमबाज रायफल खांद्याला लावतो, गाल टेकवतो आणि बार न करताच ती खाली घेतो, हे तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. शरीर किंवा वारा, कुणीतरी मनासारखं वागलेलं नसतं.

या स्पर्धेत दुर्बीणही चालत नाही. डोळ्यासमोर असतं मिलिमीटरभराचं भोक आणि नळीच्या टोकाला गोल माशी, म्हणजे नेम धरायची खूण. जवळची माशी आणि दूरचं लक्ष्य एकाच वेळी स्पष्ट दिसणार कसं? करून पाहा. जाड कागदाला टाचणीने भोक पाडा, वर्तमानपत्र डोळ्यांच्या इतकं जवळ आणा की अक्षरं पुसट होतील, आणि आता भोकातून बघा. अक्षरं लख्ख! बारीक भोक फक्त सरळ येणारे मोजके किरण आत सोडतं, म्हणून जवळचं आणि लांबचं दोन्ही नीट दिसतं. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१०मध्ये म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून, ६०० पैकी ५९७ गुणांसह विश्वविक्रमाची बरोबरी करत सुवर्ण जिंकलं, तेही अशाच भोकातून पाहून.

यावर कडी म्हणजे, प्रत्येक नळीची काडतुसाची आवड वेगळी असते. एकाच कारखान्याच्या, एकाच नावाच्या दोन लॉटपैकी एक लॉट एखाद्या नळीतून एका छिद्रात छिद्र पाडतो आणि दुसरा विखुरतो. का, याचं पूर्ण उत्तर आधी देता येत नाही, झाडूनच पाहावं लागतं. त्यासाठी इंग्लंड-जर्मनीतल्या कारखान्यांनी चाचणी केंद्रं उघडली आहेत. नेमबाज तिथे आपली रायफल नेतो, ती शिकंज्यात आवळतात आणि लॉटमागून लॉट झाडून तिला मानवणारा निवडतात.

आता अंतर वाढवा. परदेशात हौशी मंडळी हीच रायफल दुर्बीण लावून २००-३०० मीटरवर नेतात. ५० मीटरवर गोळी सुमारे १२ सेंटिमीटर खाली पडते. ३०० मीटरवर? पाच मीटरहून जास्त! उड्डाण एक सेकंदाहून मोठं आणि झुळूकभर वाऱ्याने १५ सेंटिमीटरचा फरक. मोठ्या रायफलीची नळी हजार मीटरसाठी जेवढी उचलावी लागते, तेवढी किंवा त्याहून जास्त हिची ३०० मीटरलाच उचलावी लागते. लक्ष्यामागे मातीचा भक्कम बांध मात्र हवाच. दुबळी असली तरी चुकलेली गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते.

मोठ्या रायफली बाळगणारे लोक सरावाला पुन्हा पॉइंट टू-टूकडे का वळतात, ते आता कळेल. वेगवान गोळी नेमबाजाच्या बऱ्याच चुका पोटात घालते. ही संथ गोळी श्वास, ऊन, झुळूक, मनाची घाई, सगळ्याचा हिशेब कागदावर मिलिमीटरमध्ये मांडते. एका पातळ पितळी काठाचा नाइलाज म्हणून आलेला तिचा हा दुबळेपणा दीड-पावणेदोनशे वर्षं नेमबाजांना घडवतो आहे.