अडीचशे लिटरांचा समुद्र

आमच्या अंबाजोगाईला आजवर समुद्र एकच ठाऊक होता, आणि तोही पोथीतला : मुकुंदराजांचा 'विवेकसिंधु'. शके १११० चा, म्हणजे इसवी सन ११८८ चा मानला जाणारा हा ग्रंथ मी कितीतरी वर्षे वर्गात शिकवीत आलो आहे. खरा सिंधु इथून सरळ रेषेत मोजला तरी साडेतीनशे किलोमीटरांहून दूर. बालाघाटाच्या माथ्यावरच्या या गावात भरती-ओहोटी काय ती नळाच्या पाण्याची, आणि तिच्यातही ओहोटीच अधिक. अशा गावात यंदा होळीच्या सुमारास आमच्या घरी खारा समुद्र आला. लांबी चार फूट, रुंदी दीड फूट, खोली दीड फूट.

त्याचे असे झाले. आमच्या शेजारचे डॉक्टर दवाखाना बंद करून पुण्याला मुलाकडे जायला निघाले. दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत ही काचेची पेटी होती. इंजेक्शनाच्या भीतीने रडणारी मुले तिच्यापुढे उभी केली की गप्प होत. पेटी मुळात वहिनींच्या हौसेची. खाऱ्या पाण्याचे मासे बीड जिल्ह्यात पाळणे म्हणजे वेडेपणा, हे त्यांना शेकडो लोकांनी सांगितले असेल, पण त्यांनी ते मुळीच मनावर घेतले नाही. मग त्या आजारी पडल्या, दोन वर्षे अंथरुणाला खिळल्या आणि गेल्या. डॉक्टर त्या पेटीकडे पाहीनासे झाले. कंपाउंडर बिचारा आठवण होईल तेव्हा चिमूटभर खाद्य टाकी.

"सर, तुम्ही शाकाहारी माणूस. तुमच्या घरी हे जीव सुरक्षित राहतील," डॉक्टर म्हणाले.

आत जीव राहिले होते तीन. केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन विदूषक मासे आणि शंखात राहणारा एक खेकडा. हे मासे २००३ च्या एका चित्रपटाने जगभर पोचवले, आणि तेव्हापासून पोरे त्यांना 'निमो' म्हणतात. दोघांतली मोठी मादी. वहिनी तिला 'बाईसाहेब' म्हणत. काचा हिरव्यागार, दगडांवर तपकिरी लव, पाण्याला पिवळट झाक. पोवळी मात्र नव्हती, हे एक बरे. दगडी पोवळी २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. ती गोळा करणे किंवा विकणे गुन्हा आहे.

पेटी घरी आली आणि माझ्यातला मास्तर जागा झाला. पुढच्याच रविवारी धोतर खोचून (धोतर अलंकारिक, नेसलो होतो पायजमा) मी कामाला लागलो. काचा खरवडल्या, दगड घासले, गाळणीतला स्पंज नळाखाली धरून पांढराशुभ्र केला. निम्मे पाणी उपसून टाकले आणि पुडीतले समुद्री मीठ कालवून नवे भरले. संध्याकाळी पेटी अशी झळकू लागली की मी सौभाग्यवतीला मुद्दाम बोलावून दाखवली. सकाळी बाईसाहेब तळाशी आडव्या पडल्या होत्या.

त्यानंतर जे वाचले ते आधी वाचायला हवे होते. माशांच्या उत्सर्गातून आणि उरलेल्या अन्नातून पाण्यात अमोनिया होतो. ते जालीम विष. स्पंजात आणि दगडांच्या छिद्रांत वस्ती करून असलेले जीवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे शेवटचे रूप मासे पुष्कळ सोसतात. ती सगळी वस्ती मी नळाच्या क्लोरिनने धुऊन काढली होती. दुसरे असे, की साचलेले पाणी हळूहळू आम्लाकडे झुकते आणि तशा पाण्यात अमोनियाचा बराच भाग अमोनियमच्या सौम्य रूपात राहतो. त्यावर ताजे अल्कधर्मी पाणी ओतले, की त्याचेच पुन्हा विष होते. घाणीत दोन वर्षे तगलेला जीव माझ्या स्वच्छतेने एका रात्रीत गेला.

मिठाचा घोळ निराळाच होता. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि घनता १.०२५ च्या आसपास भरते. मी घनता मोजण्याची काचेची नळी आणून पाहिले, तर निम्मे पाणी बदलूनही आकडा १.०३० च्या वर. म्हणजे आधी तो किती असेल! कंपाउंडरने खाऱ्या पेटीत खारेच पाणी भरायचे, या सरळ न्यायाने दोन वर्षे काम केले होते. पण हवेत उडते ते पाणी. मीठ जागच्या जागी राहते. आमच्याकडच्या एप्रिलमध्ये एवढ्या पेटीतून दिवसाला तीन-चार लिटर पाणी उडते, आणि ही भर रोज गोड्या पाण्यानेच करावी लागते.

गोडे पाणी म्हटल्यावर घरात विषय निघालाच. बोअरचे पाणी जड, ते चालत नाही. लागते गाळणयंत्राचे, आणि ते यंत्र लिटरभर शुद्ध पाण्यामागे त्याहून अधिक वाया घालवते. २०१६ साली धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, ते दिवस आमच्या घरात कोणी विसरलेले नाही. "माणसांना टँकर आणि माशांना गाळलेले पाणी?" सौभाग्यवतीने विचारले. मला उत्तर सुचले नाही. तिनेच यंत्राच्या नळीखाली बादली लावली, आणि तेव्हापासून आमची फरशी आणि भांडी त्या टाकाऊ पाण्यावर निघतात. पण प्रश्न तिने मागे घेतलेला नाही.

या छंदाचा इतिहासही असाच आहे. इंग्लंडात १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने लोकांसाठी पहिले मत्स्यघर उघडले. फिलिप गॉस या निसर्गशास्त्रज्ञाच्या पुस्तकांनी घरोघरी समुद्री पेट्यांचे वेड पसरले. लोकांनी किनाऱ्यावरच्या खडकांतली डबकी ओरबाडून रिकामी केली, आणि त्याचे गॉसला पुढे फार दुःख झाले, असे त्याच्या मुलाने लिहून ठेवले आहे. आमच्या मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ चे. त्याला तर समुद्र दाराशी होता. तरी तेही २०१३ पासून दोन वर्षे नूतनीकरणासाठी बंद ठेवावे लागले आणि २०२० च्या टाळेबंदीत त्याची दारे पुन्हा लागली. असो. अडीचशे लिटरांच्या धन्याने मोठ्यांच्या अडचणी सांगू नयेत.

उरला होता धाकटा नर. तो मातीच्या कुंडीच्या फुटक्या तुकड्यामागून बाहेर येईना. आता मी काहीच घाईने करीत नव्हतो. घनता रोज काडीभर उतरवायची. खेकड्याला तर एवढाही बदल जड जातो. रविवारी एकच बादली पाणी बदलायचे, आणि स्पंज काढलेल्या जुन्या पाण्यातच पिळायचा. पाणी तीस अंशांवर चढू लागले की पेटीवर पंखा लावायचा, आणि वीज गेली तर बॅटरीवरचा हवेचा पंप. काचेवरचे हिरवे मी समोरच्या बाजूपुरतेच पुसले. बाकी तीन बाजू अजून तशाच आहेत. पाहुणे नाके मुरडतात.

डॉक्टर दर पंधरवड्याला फोन करीत. शेवटी हळूच विचारीत, "मंडळी बरी आहेत ना?" मी "बरी आहेत" म्हणे. खेकडा आणि नर, बहुवचनाला तेवढा आधार होता.

आता एक गोष्ट सांगतो, जी व्याकरणाच्या मास्तराला पचायला अवघड गेली. विदूषक मासे जन्मतः मादी नसतातच. कळपातला सर्वांत मोठा मासा मादी होतो, त्याच्या खालचा नर. आणि मादी गेली की काही आठवड्यांत-महिन्यांत तो नरच मादी होतो. माशाचे लिंग असे कर्त्याप्रमाणे बदलते हे वर्गात सांगितले, तर मुले तास सोडून पेटी पाहायला आली. आषाढापर्यंत धाकट्याने चांगलेच अंग धरले होते. तो, म्हणजे ती, आता कुंडीमागे लपत नव्हती. काचेजवळ बोट नेले की अंगावर धावून येई.

भाद्रपदात डॉक्टर घराच्या कागदपत्रांसाठी गावी आले. रात्री जेवायला आमच्याकडे होते. पानावर बसायच्या आधी ते पेटीपुढे जाऊन उभे राहिले. मी मागे उभा राहून सहा महिने जुळवलेली वाक्ये पुन्हा जुळवीत होतो. त्यांनी काचेला बोट लावले. मासोळी झेपावून आली.

"बाईसाहेब खुशीत दिसतात," डॉक्टर म्हणाले.

चाळीस वर्षे लोकांच्या नाड्या पाहिलेला माणूस. दोन मासे आणि एक मासा यांतला फरक त्यांना कळला नसेल, असे मला वाटत नाही. मी तोंड उघडले, तेवढ्यात आतून पाने वाढल्याची हाक आली. जेवताना ते पुण्याच्या पावसाविषयी बोलत होते. निघताना पायरीवर थांबून म्हणाले, "सर, जोडीला एखादा लहान आणा. आपल्याकडच्या सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेने यांची पैदास करून दाखवली आहे. समुद्रातून धरलेला नको. तिला तसेच आवडायचे."

यातली 'तिला' कोण, ते मी विचारले नाही.