बलिद्वीपांतील भातशेतीची शब्दसंपत्ति

एखाद्या समाजाचा संसार कोणत्या वस्तूवर चालतो हें जाणावयाचें असेल, तर त्याच्या भाषेंत कोणत्या वस्तूस अधिक नांवें आहेत तें पाहावें. आमचा कोंकणांतील शेतकरी एकाच पिकास रोप, भात, तांदूळ, कणी, कोंडा, पेंढा अशीं निरनिराळीं नांवें देतो, तीं हौसेखातर नव्हेत. प्रत्येक नांवामागें एक निराळें काम असतें. जावा बेटाच्या पूर्वेस असलेल्या बाली बेटांतील शेतकऱ्याची गोष्ट अगदीं अशीच आहे. हें बेट इंडोनेशिया देशांत मोडतें; त्याचें क्षेत्रफळ सुमारें ५,८०० चौरस किलोमीटर असून तेथील बहुतेक लोक हिंदु धर्माचे आहेत. त्यांच्या नित्य व्यवहारांतील कांहीं शब्द येथें वाचकांपुढें ठेवावयाचे आहेत. आणि त्यांपैकीं एक शब्द बाजूस सारल्यामुळें तेथील शेतकऱ्यांस काय सोसावें लागलें, हेंही सांगावयाचें आहे.

प्रथम भाताचे शब्द घेऊं. शेतांत उभें असलेलें पीक तें ‘पाडी’. मळणी झालेलें साळीसकट धान्य तें ‘जिजिह’. सडलेले तांदूळ ते ‘बाअस’. आणि शिजलेला भात तो ‘नासी’. पाण्याच्या शेतास ‘चारिक’ किंवा ‘उमा’ म्हणतात आणि कोरडवाहू जमिनीस ‘तेगाल’. दिशांचीं नांवेंही पाण्याच्या वाटेवरून पडलेलीं आहेत. ‘काजा’ म्हणजे डोंगराकडची बाजू व ‘केलोद’ म्हणजे समुद्राकडची. पाणी काजाकडून केलोदाकडे वाहतें. घर, देऊळ व स्मशान यांच्या जागाही याच धोरणानें ठरतात.

बाली भाषेंत बोलणाऱ्याच्या व ऐकणाऱ्याच्या मानाप्रमाणें शब्द बदलतो. साधें पाणी तें ‘येह’. आदरानें बोलतांना तेंच ‘तोया’ होतें. आणि मंत्रानें पवित्र केलेलें पाणी तें ‘तीर्त’. ‘तोय’ हा संस्कृत शब्द आमच्या पंडितांस ठाऊक आहे, व देवळांत ओंजळींत घेतों त्या पाण्यास आम्हीही ‘तीर्थ’च म्हणतों. पूजेच्या शेवटीं तेथील लोक भिजविलेले तांदूळ कपाळास लावतात. त्यांस ‘बिजा’ म्हणतात. बीज आणि अक्षता या दोन्ही कल्पना त्या एका शब्दांत आल्या आहेत. रोजचा स्वयंपाक झाल्यावर कोणी जेवण्यापूर्वीं केळीच्या पानाच्या तुकड्यांवर भाताचीं चिमूटभर शितें घालून तीं चुलीपाशीं, पाण्याच्या जागीं व अंगणांत ठेवितात. ह्या विधीस ‘मसाइबान’ किंवा ‘यज्ञ शेष’ म्हणतात. ह्या शब्दाचा अर्थ आमच्या वाचकांस फोडून सांगण्याचें कारण नाहीं.

तेथें २१० दिवसांचें एक कालचक्र आहे, व त्यांत दर ३५ दिवसांनीं ‘तुंपेक’ नांवाचा सण येतो. ‘तुंपेक लांदेप’ हा लोखंडी हत्यारांचा, ‘तुंपेक कांदांग’ हा गुराढोरांचा, आणि ‘तुंपेक वारिगा’ हा झाडांचा. पहिले दोन वाचतांना खंडेनवमी व पोळा आठवल्याशिवाय राहत नाहींत. वारिगाच्या दिवशीं मालक झाडाच्या बुंध्यावर थाप मारून, त्यास पेज वाहून, पुढील मोठ्या सणापर्यंत भरपूर फळें देण्याची विनवणी करितो.

आतां पाण्याच्या व्यवस्थेचे शब्द पाहूं. एका पाटाचें पाणी घेणाऱ्या सर्व शेतकऱ्यांचा जो संघ, त्यास ‘सुबाक’ म्हणतात. ह्या संघाची हद्द गांवाच्या हद्दीवरून ठरत नाहीं, पाण्यावरून ठरते. त्याचा मुख्य तो ‘पेकासेह’. त्यास सभासदच निवडतात. नदीवरील बांध तो ‘एंपेलान’, डोंगर पोखरून काढलेला बोगदा तो ‘आउंगान’, पाट तो ‘तेलाबाह’, आणि पाणी वांटून देणारें खांचा पाडलेलें लांकूड तें ‘तेंबुकु’. खांचेची रुंदी ही हिश्शाची मोजणी होय. ती सर्वांस उघड दिसते, म्हणून तंट्यास जागा थोडी राहते. अशा संघांचा उल्लेख अकराव्या शतकांतील लेखांत सांपडतो.

पिकाच्या प्रत्येक अवस्थेस विधि आहे. पाणी शेतांत घेण्यापूर्वीं त्याचें स्वागत करितात, तें ‘मापाग तोया’. भात पोटरीस आलें म्हणजे तें गर्भार झालें असें मानून ‘बियुकुकुंग’ करितात. कापणीच्या वेळीं कणसांची एक जुडी बांधून तिला देवी श्रीचें रूप मानितात. तिचें नांव ‘नीनी’. जुनें उंच भात ‘आंगापान’ नांवाच्या, मुठींत लपणाऱ्या लहानशा पात्यानें एकेक लोंबी करून कापीत असत.

ह्या सर्व शब्दांत मुख्य शब्द ‘कर्ता मासा’ हा होय. त्याचा अर्थ पेरणीचा ठरलेला क्रम. कोणत्या सुबाकानें कोणत्या काळांत लावणी करावी व कोणत्या काळांत शेतें मोकळीं ठेवावीं, हें एका खोऱ्यांतील सुबाक जलमंदिरांत जमून ठरवीत. ह्या मंदिरांत बातुर सरोवराची देवी जेथें पूजिली जाते तें पुरा उलुन दानु बातुर हें श्रेष्ठ मानलें जातें.

१९७० नंतरच्या दशकांत सरकारनें अधिक उत्पन्नाच्या हेतूनें लवकर येणारीं नवीं बियाणीं, रासायनिक खतें व कीटकनाशकें यांचा प्रसार केला. ज्यास जेव्हां जमेल तेव्हां व जितक्या वेळां जमेल तितक्या वेळां भात लावावें, असें धोरण पडलें. शेतकऱ्यांनीं ह्या प्रकारास ‘तुलाक सुमुर’ असें नांव दिलें. आरंभीं पीक वाढलें. परंतु पुढें पाण्याची ओढाताण सुरू झाली, आणि कोणत्याही वेळीं कोठें ना कोठें हिरवें भात उभें असल्यामुळें किडीस उपास घडेना. तपकिरी तुडतुडे व तुंग्रो नांवाचा रोग यांनीं शेतेंच्या शेतें बसविलीं. औषध फवारावें तों किडीचे शत्रूही मरावे. शेवटीं शेतकरी स्वतःच जुना क्रम मागूं लागले.

स्टीफन लान्सिंग ह्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञानें जेम्स क्रेमर ह्या परिस्थितिशास्त्रज्ञाच्या साह्यानें ह्या क्रमाचें गणित संगणकावर मांडिलें; लान्सिंगचा ह्या विषयावरील ग्रंथ १९९१ सालीं प्रसिद्ध झाला. निष्कर्ष समजण्यास सोपा आहे. मोठ्या टापूंत सर्वांनीं एकदम शेतें मोकळीं ठेविलीं तर किडीस अन्न मिळत नाहीं. पण सर्वांनीं एकदम लावणी केली तर सर्वांस एकाच वेळीं पाणी हवें होतें व तें पुरत नाहीं. ह्या दोहोंच्या मधला जो मेळ, तोच कर्ता मासा. वरच्या शेतकऱ्याच्या हातीं पाणी असतें; तरीही तो खालच्यास पाणी सोडतो, कारण खालच्याचें वेळापत्रक बिघडलें तर तेथील कीड वर चढून त्याच्याच शेतांत येते. म्हणजे येथें परोपकार आणि स्वहित हीं एकाच पाटानें वाहतात.

ह्या व्यवस्थेस युनेस्कोनें २०१२ सालीं जागतिक वारशांत स्थान दिलें. तथापि पर्यटनासाठीं शेतजमिनी जात आहेत व पाण्यावर हॉटेलांचाही डोळा आहे. नवें बुटकें भात शेतांतच झोडून पोत्यांत भरतात. त्यामुळें कोठारें रिकामीं पडलीं, आणि ज्या घरीं कोठार नाहीं तेथील मुलास ‘नीनी’ शब्द कळावा कसा?

दूर देशाची ही हकीकत सांगण्याचें प्रयोजन एवढेंच कीं, आमच्याकडेही असे शब्द आहेत. खानदेशांत व नाशकाकडे पांझरा, मोसम, गिरणा ह्या नद्यांच्या कांठीं फडपद्धति चालत आली. तेथें थळाचे तीन-चार फड करून प्रत्येक फडांत एकच पीक घेत. पाणी पाटकरी देई व राखण जागल्या करी. फड, थळ, पाटकरी, जागल्या हे चार शब्द म्हणजे एक लहानसा कायदाच आहे. ज्यांच्या गांवीं असे शब्द अजून वृद्धांच्या तोंडीं आहेत, त्यांनीं ते अर्थासह व कामाच्या रीतीसह लिहून ठेवावे. शब्द गेला म्हणजे त्याच्या पोटांतील हिशेबही जातो, आणि तो पुन्हां मांडावयास किती पिकें खर्चीं पडतात, हें बालीच्या शेतकऱ्यानें अनुभवलें आहे.