गोंडस चेहऱ्यामागची भीती

परवा रात्री जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला आणि लेकीनं हाक मारली, “आई, ये ना, भुताचा सिनेमा बघू.” ती कॉलेजात जाते, तिला जुन्या इंग्रजी सिनेमांचं भारी वेड. मी म्हटलं, भूतबीत नको बाई, रात्री झोप लागत नाही. तर म्हणाली, “यात भूत नाहीच. एक आठ वर्षांची मुलगी आहे फक्त.”

सिनेमा होता ‘द बॅड सीड’, १९५६ सालचा, कृष्णधवल. सीड म्हणजे बी. नावच ‘वाईट बी’! विल्यम मार्च यांची कादंबरी १९५४ साली आली, त्याच वर्षी त्यावर नाटक आलं आणि मग हा चित्रपट. दोन वेण्या, इस्त्रीचा फ्रॉक, मोठ्यांशी गोड बोलणारी ऱ्होडा. शेजारणींची लाडकी. शाळेत हस्ताक्षराचं पदक तिला न मिळता वर्गातल्या एका मुलाला मिळतं. मग शाळेच्या सहलीत तो मुलगा पाण्यात बुडून मरतो आणि पदक सापडतं ऱ्होडाच्या खणात. सापडतं ते आईला. वडील लष्करात, नोकरीसाठी बाहेरगावी गेलेले. म्हणजे सगळं निस्तरायला आई एकटी. हे मात्र आपल्याकडच्यासारखंच की!

लेक ऱ्होडाकडे बघून हसत होती, “काय नाटकी आहे ही!” मी मात्र आईकडे बघत होते. पोरीच्या खोटेपणाचा एकेक धागा हातात येतो, तसा तिचा चेहरा उतरत जातो. आणि मग तिला कळतं की आपण दत्तक आहोत, आपली जन्मदाती खुनी होती. म्हणजे हे विष माझ्यातूनच मुलीत गेलं का?

‘खाण तशी माती’ ही म्हण आपण किती सहज वापरतो! मी ज्या सल्ला केंद्रात आठवड्यातून दोन दिवस बसते, तिथे काही वर्षांपूर्वी एक बाई आली होती. मुलगा आठ वर्षांचा. चुलत भावंडांना मारायचा, वस्तू फोडायचा. तिचा भाऊ तुरुंगात जाऊन आलेला, त्यामुळे सासरचे उठता बसता म्हणायचे, आजोळचं रक्त आहे. तिनं खाली मान घालून विचारलं, “ताई, हा मामावर जाईल का हो?” मी विचारलं, घरात याला कोण मारतं? बराच वेळ ती पदराचं टोक पिळत बसली. मग म्हणाली, “हेच मारतात. पट्ट्यानं.” तो मुलगा आता दहावीत आहे. तापट अजूनही आहे, खोटं कशाला सांगू? पण मामाचं नाव निघणं बंद झालंय.

अशी पोरं पडद्यावर नंतरही खूप आली. १९६० च्या ‘व्हिलेज ऑफ द डॅम्ड’मध्ये एक अख्खं इंग्रजी खेडं अचानक झोपी जातं आणि जागं झाल्यावर काही आठवड्यांनी कळतं की मूल होण्याच्या वयाच्या साऱ्या बायकांना दिवस गेलेत, लग्न न झालेल्या मुलींनासुद्धा. जन्माला येतात ती सोनेरी केसांची, चमकत्या डोळ्यांची, मोठ्यांच्या मनातलं वाचणारी मुलं. पुढे काय करायचं याची खलबतं पुरुषांची. पोटात वाढवणाऱ्या बायकांना विचारतो कोण? १९७३ च्या ‘एक्झॉर्सिस्ट’बद्दल मी फार लिहीत नाही. तिथली बारा वर्षांची मुलगी मुळात वाईट नाहीच, झपाटलेली आहे. आणि अंगात येणं, मांत्रिक यांनी आपल्याकडे एवढा छळ झालाय की महाराष्ट्राला २०१३ साली कायदा करावा लागला. तो सिनेमा मला करमणूक म्हणून बघवतच नाही.

‘ओमेन’ (१९७६) मात्र विसरता येत नाही. रोमच्या इस्पितळात बाळ दगावतं आणि नवरा बायकोला न सांगता दुसरंच बाळ तिच्या कुशीत ठेवतो. का, तर तिला दुःख नको! हाच तो डेमियन. पुढे तिला आतून जाणवत राहतं की हे मूल आपलं नाही, पण ती मनाची दुबळी ठरते. मग डेमियन तीनचाकी सायकल जोरात आणून आदळतो आणि ती कठड्यावरून खाली कोसळते. सगळे त्या मुलाला सैतान म्हणतात. मला विचाराल तर सुरुवात नवऱ्याच्या खोटेपणापासून झाली.

हे सिनेमे इतकी वर्षं लोक पुन्हा पुन्हा का बघतात? मुलांना गंमत वाटत असेल की आपल्याएवढं पोर मोठ्यांना घाबरवतंय. आपलं, आयांचं कारण वेगळं असावं. मूल म्हणजे देवाघरचं फूल, हे ऐकत आपण वाढलो. त्या फुलाची कधी भीती वाटली तर बोलणार कुणाकडे? पडद्यावर दुसरीच कुणीतरी आई ते बोलते.

‘बॅड सीड’चा शेवट नाटकात वेगळा होता. आई मुलीला झोपेच्या गोळ्या देऊन स्वतःला गोळी घालते. आई मरते, मुलगी वाचते. त्या काळी अमेरिकन सिनेमात गुन्हेगार सुटलेला चालत नसे, म्हणून सिनेमात आई वाचते आणि ऱ्होडावर वीज पडते. वर शेवटी नटमंडळींची ओळख करून देताना आई तिला मांडीवर घेऊन फटके देते, प्रेक्षकांनी हसत घरी जावं म्हणून! ऱ्होडा झालेल्या छोट्या पॅटी मॅककॉर्मॅकला या कामासाठी ऑस्करचं नामांकन मिळालं.

लॅपटॉप मिटून लेकीनं विचारलं, “आई, माझी कधी भीती वाटली तुला?”

नाही म्हणणार होते. पण सांगून टाकलं. ती साडेतीन वर्षांची आणि धाकटा दोन महिन्यांचा असताना मी दूध उतरवून खोलीत आले, तर हिनं त्याच्या तोंडावर उशी ठेवलेली आणि वर हात दाबलेले. मी तिला फाडकन मारलं होतं. पुढचे कितीतरी महिने दोघांना एका खोलीत सोडलं नाही; न्हाणीघराचं दारसुद्धा उघडं ठेवून आंघोळ करायचे. तिच्या बाबांना, सासूबाईंना, माझ्या आईलाही कधी सांगितलं नाही. रात्री तिच्या झोपलेल्या चेहऱ्याकडे बघत बसायचे.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मला काहीच आठवत नाही गं. फक्त तू तेव्हा मला जवळ घ्यायची नाहीस, एवढं आठवतं.”