रंधा घ्यावा पारखून

गोंदिया जिल्ह्याला जंगलाची सोबत आहे. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या बाजूंना गेले की साग, ऐन, बीजा, धावडा अशी झाडे ओळखीची होतात. साहजिकच गावोगाव सुतारकाम चालते. आता शाळांचाही या कामाशी संबंध येऊ लागला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना शिक्षण सुचवले आहे. या दिवसांत मुलांनी ज्यांच्याकडे शिकायला जावे, अशा कारागिरांत सुताराचा स्पष्ट उल्लेख आहे. विदर्भाला ही कल्पना नवी नाही. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत हस्तव्यवसायातून शिक्षणाचा विचार मांडला गेला, तोच पुढे ‘नई तालीम’ म्हणून ओळखला गेला.

पण हत्यारे घ्यायची वेळ आली की पैशांचा प्रश्न येतो. थोड्या पैशांत पुष्कळ हत्यारे घ्यावीत असा मोह होतो. करवत, हातोडी आणि पटाशी निदान काहीतरी काम करतात. रंध्याचे मात्र तसे नाही. वाईट रंधा एक तर लाकडावरून नुसता घसरतो, नाही तर फळीत रुततो. दोन-चार मुले प्रयत्न करतात, आपल्या हाताला हे जमणार नाही असे ठरवतात आणि रंधा कपाटात जातो. दोष हत्याराचा असतो, पण मूल तो स्वतःकडे घेते. म्हणून रंध्याची पारख शिक्षकांना यायला हवी असे आम्हाला वाटते.

रंधा काय करतो?

रंधा म्हणजे ठोकळ्यात तिरके बसवलेले एक धारदार पाते. बहुतेक रंध्यांत ते तळाशी ४५ अंशांचा कोन करते. पात्याची धार तळातल्या फटीतून अगदी किंचित बाहेर डोकावते. सपाट तळ फळीच्या उंचवट्यांवर टेकतो आणि पाते फक्त तेवढे उंचवटे कापते. खळग्यांपर्यंत ते पोचतच नाही. उंचवटे कमी होत होत फळी सपाट होते. रंधा जितका लांब, तितके मोठे खळगे तो ओलांडून जातो. म्हणून लांब फळी सरळ करायला लांब रंधा लागतो.

ही युक्ती फार जुनी आहे. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात रंधे सापडले आहेत. आज बाजारात मिळणारा लोखंडी रंधा मात्र लिओनार्ड बेली या अमेरिकन कारागिराच्या रचनेवर बेतलेला असतो. पाते स्क्रूने खालीवर करण्याची त्याची सोय १८६९ मध्ये स्टॅन्ली कंपनीने घेतली. त्या कंपनीचे नंबर आजही चालतात. चार नंबरचा रंधा सुमारे ९ इंच लांब असतो, पाच नंबरचा १४ इंच आणि सात नंबरचा २२ इंच.

दुकानात काय पाहावे?

रंध्याचा रंग, चकाकी आणि खोके यांवरून काही कळत नाही. चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट तळ. एक फुटी पोलादी पट्टी तळावर कडेने उभी धरावी आणि रंधा उजेडाकडे करावा. पट्टीखालून प्रकाश दिसला तर तिथे खळगा आहे. केसाहून बारीक फटीतूनही प्रकाश दिसतो, त्यामुळे ही परीक्षा चांगलीच कडक आहे. थोडा प्रकाश दिसला म्हणून रंधा नाकारू नये. पण तळाचे पुढचे टोक, फटीच्या लगेच पुढची जागा आणि मागचे टोक ही तीन ठिकाणे एका पातळीत हवीत. फटीपुढचा भाग वर उचललेला असेल तर लाकूड दाबून धरले जात नाही आणि त्याचे तंतू उपटले जातात.

दुसरी गोष्ट पात्याची बैठक. पाते जिथे टेकते ती उतरण सपाट हवी. पाते कसून बसवल्यावर बोटाने हलवून पाहावे. जराही डुगडुगले तर काम करताना ते थरथरेल आणि फळीवर लाटा उमटतील.

तिसरी गोष्ट पात्याचे पोलाद. दुकानदाराच्या परवानगीने पात्याच्या कोपऱ्यावर बारीक कानस हलकेच फिरवावी. कानस घसरली तर पोलाद कडक आहे. ती सहज रुतली तर पोलाद मऊ आहे आणि धार टिकणार नाही. आपल्याकडे हे विशेष महत्त्वाचे, कारण सागाच्या लाकडात सिलिका असते आणि ती धार लवकर बोथट करते.

चौथी गोष्ट तडा. बिडाचा रंधा उंचावरून पडला तर तडकतो. जुना रंधा घेताना पाते काढून ठोकळ्यावर टिचकी मारावी. माठ घेताना वाजवून घेतो तसेच हे आहे. आवाज खणखणीत हवा, बद्द नको.

एक प्रयोग

वहीची १०० पाने दाबून त्यांची जाडी मोजा आणि तिला शंभराने भागा. एका पानाची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास किंवा थोडी कमी येईल. चांगल्या रंध्याची ढलपी याहूनही पातळ निघू शकते. आता तळात अर्धा मिलिमीटर खळगा असेल तर काय होईल, याचा विचार मुलांना करू द्या.

धारेचे गणितही सोपे आहे. पाते ५० मिलिमीटर रुंद आहे आणि धारेची जाडी ०.०१ मिलिमीटर आहे असे धरू. लाकडावर टेकणारे क्षेत्रफळ ०.५ चौरस मिलिमीटर झाले. धार बोथट होऊन जाडी ०.१ मिलिमीटर झाली तर क्षेत्रफळ ५ चौरस मिलिमीटर होते. तेवढाच दाब हवा असेल तर दहापट बल लावावे लागेल. मुलाच्या हातात एवढी ताकद कुठून येणार?

पैसे कुठे खर्चावेत?

यातूनच खरेदीचे सूत्र मिळते. काही परदेशी रंधे वीस हजार रुपयांहून महाग असतात. त्यात तळ सपाट करण्याचे आणि पाते नीट बसवण्याचे श्रम कारखान्याने केलेले असतात. हे श्रम आपणही करू शकतो. जाड काच टेबलावर ठेवून तिच्यावर ८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवावा. तळावर पेन्सिलीने रेघा माराव्यात आणि तळ घासावा. रेघा जिथे उरतील तिथे खळगा. घासताना पाते आत ओढलेले, पण कसलेले असावे, कारण कसल्याने ठोकळ्याला किंचित बाक येतो.

तळ सुधारता येतो, मऊ पोलाद मात्र शाळेत सुधारता येत नाही. म्हणून पैसे कमी असतील तर चार हलके रंधे न घेता चांगल्या पात्याचा एकच रंधा आणि दुहेरी पथरी घ्यावी. मुलांसाठी चार नंबर बरा, तो हलका असतो. सुताराला एकच घ्यायचा असेल तर पाच नंबर अधिक कामांना येतो. याहून स्वस्त मार्गही आहे. चांगले पाते विकत घ्यावे आणि शिसवीचा किंवा बाभळीचा ठोकळा गावच्या सुताराकडून करून घ्यावा. पावसाळ्यात लाकूड फुगते, तेव्हा तळ पुन्हा तपासावा लागतो, एवढेच.

हा हिशोब सुतारांच्याही उपयोगाचा आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत सुतारकामासह १८ व्यवसाय आहेत आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे ई-व्हाउचर आहे. तेवढ्यात सगळी हत्यारे बसवायची तर रंध्याची निवड विचाराने व्हायला हवी.

घेतल्यानंतर

पात्याला २५ ते ३० अंशांची धार लावावी. यंत्राच्या चाकावर धार लावताना पाते वारंवार पाण्यात बुडवावे. ते तापून निळे पडले तर तापमान ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेले आणि पोलादाचा कडकपणा उतरला असे समजावे.

पात्याच्या पाठीवर एक दाबपट्टी असते. तिचे टोक धारेच्या अगदी जवळ असले की ढलपी लगेच वळते आणि तंतू खोलवर उपटले जात नाहीत. जपानच्या यामागाता विद्यापीठातील कावाई आणि काटो यांनी हे सूक्ष्म चित्रीकरणातून दाखवले. हे अंतर ०.१ ते ०.३ मिलिमीटर ठेवावे, म्हणजे सागाच्या उलट्या रेषेवरही रंधा चालतो. त्याला खर्च काहीच नाही.

काम झाल्यावर लोखंडाला शिवणयंत्राच्या तेलाचा हात द्यावा. जवसाचे तेल पात्याला लावू नये. हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन ते चिकट होते आणि वाळते. याच गुणामुळे ते लाकडी ठोकळ्याला मात्र उत्तम. रंधा ठेवताना कुशीवर ठेवावा, धार टेकवू नये.

खरेदीला जाताना पोलादी पट्टी आणि कानस बरोबर न्यावी आणि सातवी-आठवीची दोन मुलेही न्यावीत. तळाखालून प्रकाश येतो की नाही हे त्यांनाच पाहू द्यावे.