बिल हंगामाला, हप्ता महिन्याला



परवा गटातील एका जुन्या सभासदांच्या ओसरीवर चहाला बसलो होतो. त्यांच्या नातवाला मोटारसायकल घ्यायची होती. "एक रुपया न भरता गाडी दारात येते," तो म्हणाला. आजोबा म्हणाले, "आम्ही बिल निघाल्याबिगर बाजाराची वाट धरत नव्हतो, बाबा."

तो दिवस आमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. बिलातून आधी सोसायटीची कपात, मग उरेल ते हातात. बैलगाडीने तालुक्याला जायचे, एकाच ताग्यातून साऱ्या पोरांचे सदरे शिवायचे (शाळेत भावंडे लांबूनच ओळखू यायची!), वाण्याच्या वहीतली वर्षाची उधारी मिटवायची आणि साधलेच तर कारभारणीला बोरमाळेचे चार मणी. वाणी व्याज घेत नसे म्हणतात; तो ते भावातच लावत असे. तेव्हा जुने ते सगळे सोने, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही.

आता मोबाइल, घरघंटी, गाडी, सगळे हप्त्यावर येते. त्यातही वावगे काही नाही. घोटाळा निराळाच आहे. नोकरदाराचा पगार महिन्याला, म्हणून हप्ता महिन्याला. आपला आडसाली ऊस जुलै-ऑगस्टात लावला की तुटतो १६ ते १८ महिन्यांनी. तुटल्यावर १४ दिवसांत पैसे द्यावेत, असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. सगळीकडे तसे होतेच, असे लिहायला आमची लेखणी धजत नाही. मग मधले हप्ते कशातून जाणार? दुधाच्या पैशातून, म्हणजे बहुधा घरच्या बाईच्या कष्टातून. नाहीतर दुसरे कर्ज काढून.

व्याजाचेही तसेच. "सरळ दहा टक्के" ऐकायला बरे वाटते. १ लाखाला ३ वर्षांचे व्याज ३० हजार, म्हणजे ३६ हप्ते, दरेक सुमारे ३,६११ रुपयांचा. पण मुद्दल महिन्यागणिक फिटत जाते अन् व्याज मात्र शेवटपर्यंत पुऱ्या लाखावर! उरल्या मुद्दलावर हिशेब धरला तर हाच दर १८ टक्क्यांच्या घरात जातो.

आम्ही हे कागदावर मांडले. नातवाने मोबाइलवर पुन्हा करून पाहिले. बरोबर निघाले. मग तोच म्हणाला, "ट्रॅक्टरच्या कर्जाला सहामाही हप्ता मिळतो, तर गाडीला का नाही?"

प्रश्न रास्त आहे. सोमवारी बँकेत जाऊन तो विचारणार आहे. आजोबाही सोबत जातो म्हणाले.